जुना प्रोग्राम नवीन लायब्ररीवर मरतो, पुन्हा कंपाइल केला की चालतो (लिबटूल, व्हर्जन-इन्फो)

अर्धविराम

मंडळी, चार दिवस एकाच जागी अडकून पडलोय म्हणून धागा काढतोय. मी आणि एक मित्र मिळून सीमधली एक छोटी लायब्ररी सांभाळतो, इथे तिचं नाव लिबमोजणी धरून चला. सेन्सरकडून आकडे घ्यायचे, गाळायचे, सरासरी काढायची, एवढंच काम. बिल्ड सगळं ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूलवर (कोड कंपाइल करून त्याची लायब्ररी बनवणारी ग्नूची टूल्स, म्हणजेच ऑटोटूल्स). मागच्या महिन्यात १.४.२ रिलीज केलं आणि तेव्हापासून वापरणाऱ्यांच्या मेल यायला लागल्या की आधीपासून व्यवस्थित चालत असलेला प्रोग्राम सुरू होतो न होतो तोच मरतो, टर्मिनलवर एकच ओळ येते, स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड, आणि संपलं. एकाचा प्रोग्राम मरत नाही पण आकडे चुकीचे देतो, मला तर ते क्रॅशपेक्षा वाईट वाटलं.

कोड्यात पाडणारी गोष्ट अशी की तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, पुन्हा कंपाइल केला की नीट चालतो. आमच्याकडे मेक चेक, म्हणजे आमच्या टेस्ट, सगळं पास आहे, मेमरीच्या चुका पकडणारं व्हॅलग्रिंड काही बोलत नाही. मला आधी कंपायलरचाच बग वाटला, लायब्ररी दोन वेगळ्या जीसीसीने बिल्ड करून बघितली, मग क्लँगने, सगळीकडे तेच. कोणाला काही सुचतंय का?

सुतारपक्षी

"पुन्हा कंपाइल केला की चालतो" हे वाचलं की माझा हात थेट हेडर फाइलकडे जातो, म्हणजे लायब्ररीची फंक्शन आणि स्ट्रक्ट वापरणाऱ्याला जाहीर करणाऱ्या फाइलकडे. १.३ आणि १.४.२ च्या मध्ये पब्लिक हेडरमध्ये काय बदललं ते सांग. आणि दोन्ही लायब्ररींवर रीडएल्फ -डी चालवून एसओनेमची ओळ इथे टाक (प्रोग्राम सुरू होताना लोडर लायब्ररी ज्या नावाने शोधतो ते नाव). मेकफाइल डॉट एएम मधली एलडीफ्लॅग्जची ओळ पण लागेल.

अर्धविराम

दादा, एसओनेम दोन्हीकडे लिबमोजणी.एसओ.१ येतंय. फोल्डरमध्ये लिबमोजणी.एसओ.१.०.३ आणि लिबमोजणी.एसओ.१.१.४ अशा दोन खऱ्या फाइली आहेत आणि एसओ.१ ची सिमलिंक नव्या फाइलकडे जाते.

हेडरमध्ये मोठं काही नाही. सेटिंग्जच्या स्ट्रक्टमध्ये तीन फील्ड होती, तिथे चौथी टाकली, लॉगिंगच्या कॉलबॅकचा पॉइंटर. मध्ये घुसवला नाही, अगदी शेवटी टाकलाय, त्यामुळे जुन्या कोडचं काही बिघडणार नाही असं धरलं होतं.

आणि व्हर्जनचं असं की १.३.० रिलीजला -व्हर्जन-इन्फो १:३:० होतं. या वेळी १.४.२ म्हणून १:४:२ दिलं तर लिबटूलने घेतलंच नाही, एज २ हा करंट इंटरफेस नंबर १ पेक्षा मोठा आहे अशी एरर आली. मग आकडे थोडे बदलून बघितले, २:४:१ दिल्यावर एरर गेली, मेक पूर्ण झालं, म्हणून पुढे गेलो.

सुतारपक्षी

सापडलं. दोन वेगळ्या चुका एकीवर एक बसल्यात म्हणून तुला चार दिवस लागले, एक असती तर तासाभरात दिसली असती.

आधी स्ट्रक्टचं बघ. ६४ बिटवर तीन फील्ड आठ-आठ बाइटची असतील तर जुना आकार २४, चौथा पॉइंटर आला की ३२. वापरणारा माणूस आपल्या मेनमध्ये हे स्ट्रक्ट स्टॅकवर घेतो आणि त्याचा पत्ता तुझ्या इनिट फंक्शनला देतो, बरोबर? त्याचा प्रोग्राम जुन्या हेडरने कंपाइल झालाय, त्याने स्टॅकवर २४ बाइटच जागा धरलीय आणि तो आकडा त्याच्या बायनरीत कायमचा कोरला गेलाय. तुझी नवीन लायब्ररी मात्र इनिटमध्ये मेमसेट करताना ३२ बाइट पुसते. म्हणजे आठ बाइट शेजाऱ्याच्या घरात गेली. शेजारी स्टॅक प्रोटेक्टरची खूण असली तर प्रोग्राम स्वतःच ओरडून मरतो, दुसरं कुठलं व्हेरिएबल असलं तर ते गुपचूप शून्य होतं आणि आकडे चुकतात. फील्ड शेवटी टाकली की मधल्या फील्डचे ऑफसेट सांभाळले जातात हे खरं, पण जागा कोण धरतो हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता दुसरी चूक, आणि खरं नुकसान हिने केलं. व्हर्जन-इन्फोचे तीन आकडे म्हणजे तुझ्या पॅकेजचा १.४.२ नाही, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिला करंट, म्हणजे लायब्ररीचा सध्याचा इंटरफेस कितवा. दुसरा रिव्हिजन, म्हणजे त्याच इंटरफेसच्या आतला कोड कितव्यांदा बदलला. तिसरा एज, म्हणजे मागचे किती इंटरफेस ही लायब्ररी अजून निभावते. लिनक्सवर एसओनेममधला आकडा करंट वजा एज असा निघतो आणि फाइलच्या नावात त्यापुढे एज आणि मग रिव्हिजन लागतो. १:३:० चं म्हणून १.०.३ झालं, आणि २:४:१ चं २ वजा १, एज १, रिव्हिजन ४, म्हणजे १.१.४. तुझ्या फोल्डरमधल्या फाइली बरोबर याच आहेत.

म्हणजे २:४:१ लिहून तू जगाला काय सांगितलंस? की हा दुसरा इंटरफेस आहे आणि पहिल्या इंटरफेसवर बनलेले सगळे प्रोग्रामही माझ्यावर चालतील. ते खोटं होतं, पण लिबटूलला कसं कळणार, त्याने एसओनेम १ च ठेवलं, एलडीकॉन्फिगने (लायब्ररींच्या सिमलिंक लावणारं टूल) सिमलिंक नव्या फाइलकडे वळवली आणि सगळे जुने प्रोग्राम विश्वासाने तिकडे गेले. लिबटूलने आधी दिलेली एरर हीच तुझी शेवटची संधी होती, "इंटरफेस अजून पहिलाच आहे आणि मागचे दोन कसे निभावणार" असं ते विचारत होतं. तिथे आकडे हलवून बघायला नको होते.

निळी_शाई

सुतारपक्षींनी नेमकं पकडलंय. मी स्वतः रिलीजच्या आधी हे प्रश्न या क्रमाने विचारते, आणि आकडे गिटमधल्या प्रत्येक कमिटला नाही तर फक्त रिलीजच्या तोंडावर हलवते. कोड बदलला का? मग रिव्हिजन एकने वाढव. बाहेरून दिसणारं काही वाढलं, गेलं किंवा बदललं का? मग करंट एकने वाढव आणि रिव्हिजन शून्य कर. नुसतं वाढलंय, जुनं सगळं जसंच्या तसं आहे? मग एज पण एकने वाढव. काही गेलंय किंवा बदललंय? एज शून्य. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एज शून्य झाला की एसओनेम बदलतं आणि जुने प्रोग्राम जुन्या फाइलवरच राहतात.

"बदललं" मध्ये काय काय येतं त्याची यादी लोक मनात फार छोटी धरतात. फंक्शनची नावं तीच आहेत म्हणजे काही बदललं नाही असं नसतं. स्ट्रक्टचा आकार, एनममध्ये मध्येच घुसवलेलं नाव (त्याच्या खालच्या सगळ्यांचे आकडे सरकतात), इंटचा लाँग केलेला पॅरामीटर, हे सगळं बदलच. लिंकर यातलं काही बघत नाही, सीमध्ये सिम्बॉल म्हणजे नुसतं नाव, त्याच्या मागे टाइप नसतो.

झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीने स्ट्रक्टचा हा प्रश्न फार आधी ओळखला होता. तिथे इन्फ्लेट-इनिट हे खरं फंक्शन नाहीये, मॅक्रो आहे, आणि तो मॅक्रो खऱ्या फंक्शनला हेडरमधलं व्हर्जन आणि स्ट्रक्टचा साइझऑफ गुपचूप देतो. वापरणाऱ्याच्या बाजूचा आकार आणि लायब्ररीच्या बाजूचा आकार जुळला नाही तर सरळ व्हर्जन एरर परत येते, मेमरी खराब व्हायच्या आधीच.

अर्धविराम

आत्ता डोक्यात उजेड पडला. खूप आभार दोघांचे, इतकं सविस्तर कोणी समजावलं नव्हतं.

पण मला एक खटकतंय. मेक चेकमध्ये आमच्या साठेक टेस्ट आहेत, त्यातली एकही का पडली नाही? आणि आता दुरुस्ती कशी करू? स्ट्रक्टचा बदल मागे घेता येणार नाही, कॉलबॅक काही जणांनी वापरायला घेतलाय. आकडे २:०:० करू का, जे आधीच करायला हवे होते?

सुतारपक्षी

टेस्ट पडणारच नाहीत. मेक चेक तुझ्या टेस्ट नवीन हेडरने नव्याने कंपाइल करतं आणि नवीन लायब्ररीला जोडतं, म्हणजे दोन्ही बाजूंना ३२ बाइट. ही चूक दिसायला एक बाजू जुनी असावी लागते. मी काय करतो ते सांगतो, प्रत्येक रिलीजला टेस्टच्या बायनरी बिल्ड करून एका फोल्डरमध्ये जपून ठेवतो, आणि पुढच्या रिलीजच्या आधी त्या जुन्या बायनरी, कंपाइल न करता, एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते लोडरला सांगणारं सेटिंग) नवीन बिल्डच्या डॉट-लिब्स फोल्डरकडे वळवून चालवतो. एसओनेम तेच ठेवायचं असेल तर त्या सगळ्या पास व्हायलाच हव्यात. बायनरी जपताना एक लक्षात ठेव, बिल्ड फोल्डरमध्ये टेस्टच्या नावाने दिसते ती फाइल बऱ्याचदा लिबटूलची शेल स्क्रिप्ट असते, खरी बायनरी तिथल्याच डॉट-लिब्समध्ये असते. ती स्क्रिप्टच पाथ लावून देते म्हणून इन्स्टॉल न करता टेस्ट चालतात. आणि जपलेल्या बायनरीत जुना आरपाथ, म्हणजे आत कोरलेला लायब्ररीचा पत्ता, राहिलेला नाही ना ते पण रीडएल्फने बघून घे, नाहीतर वाटेल की नवीन लायब्ररी तपासतोय आणि चालत असेल जुनीच.

आकड्यांचं, २:०:० नको, ३:०:० कर. करंट २ हा नंबर तू एकदा चुकीच्या रिलीजला देऊन बसलायस, तोच परत दुसऱ्या अर्थाने वापरू नये.

गाठोडं

मी लिनक्स डिस्ट्रोसाठी पॅकेजिंग करतो, त्यामुळे या गोष्टीची दुसरी बाजू रोज बघतो. अर्धविराम, आकडे दुरुस्त करशील ते बरोबरच, पण १.४.२ ज्यांच्याकडे गेलंय त्यांचं काय ते पण लिही रिलीज नोटमध्ये, ठळक. त्यांच्याकडे आता दोन जातीचे प्रोग्राम आहेत, १.३ वर कंपाइल झालेले आणि १.४.२ वर कंपाइल झालेले, आणि दोघंही लिबमोजणी.एसओ.१ च मागतात. बाहेरून बघून ओळखायची सोय नाही. १.१.४ ची फाइल काढून एलडीकॉन्फिग चालवलं की सिमलिंक परत १.०.३ कडे जाईल आणि पहिल्या जातीचे बरे होतील, पण त्याच क्षणी दुसऱ्या जातीचे बिघडू शकतात. त्यांना पुन्हा कंपाइल करण्याशिवाय इलाज नाही. हे तू स्पष्ट सांगितलं नाहीस तर प्रत्येक डिस्ट्रोवाल्याला ते स्वतः शोधून काढावं लागेल, आणि यात खरंच लोकांचे दिवस जातात.

आपल्याकडे एसओनेम बदललं म्हणजे त्या लायब्ररीवर अवलंबून असलेलं प्रत्येक पॅकेज पुन्हा बिल्ड करावं लागतं. म्हणून काही लायब्ररीवाले एसओनेम बदलायला घाबरतात आणि तुटलेली लायब्ररी जुन्याच नावाने पाठवतात. कृपा करून तसं करू नका. एसओनेम बदललं तर मला काम आहे हे मला दिसतं, मी ते करतो. न बदलता तुटलं तर मला दिसतच नाही, वापरणाऱ्याला दिसतं.

अर्धविराम

लिहितो नोटमध्ये, तुमचं वाक्य जवळजवळ तसंच घेतो. एक शंका, पॅकेज १.५.० आणि लायब्ररी एसओ.३, हे लोकांना विचित्र नाही का वाटणार?

गाठोडं

अजिबात नाही. कर्ल २०२३ मध्ये ८ वर गेलं, पण लिबकर्ल.एसओ.४ हे एसओनेम २००६ पासून तेच आहे. जीलिबसी (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) अजून २ च्या मालिकेत आहे आणि त्याचं एसओनेम लिबसी.एसओ.६. हे दोन आकडे वेगवेगळ्या लोकांसाठी असतात, एक माणसाने वाचायचा आणि एक लोडरने.

मोकळा_पिंप

मला वाटतं हा सगळा त्रास ऑटोटूल्सचा आहे. एम४ च्या फाइली, ऑटोरीकॉन्फ, प्रत्येक सी फाइल दोनदा कंपाइल होते, कॉन्फिगर चालायला मिनिटभर. मेसन या दुसऱ्या बिल्ड सिस्टमवर जा, शेअर्ड लायब्ररी एका ओळीत होते, हे करंट-एज काही नाही.

निळी_शाई

मेसन मलाही आवडतं आणि नवीन प्रोजेक्टला मी तेच घेते, पण हा प्रश्न त्याने सुटत नाही. मेसनमध्ये तुम्ही नुसतं व्हर्जन दिलं आणि एसओव्हर्जन दिलं नाही तर त्या व्हर्जनचा पहिला आकडा एसओनेमला लागतो. म्हणजे अर्धविरामने तिथे पॅकेजचं १.४.२ दिलं असतं तर एसओनेम १ च राहिलं असतं आणि प्रोग्राम असेच मेले असते, फक्त या वेळी मध्ये एररही आली नसती. इंटरफेस तुटला की नाही हे कुठलंच टूल आपणहून ठरवत नाही, ते माणसाने सांगायचं असतं.

दोनदा कंपाइल होतं ते यासाठी की स्टॅटिक लायब्ररीला साधा ऑब्जेक्ट लागतो आणि शेअर्डला पिक, म्हणजे मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चालेल असा. स्टॅटिक नको असेल तर कॉन्फिगरला -डिसेबल-स्टॅटिक द्या, दुसरी फेरी बंद होते. हातानं मेकफाइल लिहिणाऱ्यांना "रिकंपाइल विथ एफ-पिक" ही रिलोकेशनची एरर कधी ना कधी भेटतेच, लिबटूल त्यातून वाचवतं हे तरी मान्य करा.

मोकळा_पिंप

एसओव्हर्जनचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या दोन प्रोजेक्टमध्ये मी व्हर्जनच दिलंय फक्त. आज रात्रीच बघतो.

दवबिंदू

मध्येच विचारते, क्षमस्व. मी लिबटूलच्या त्या टेस्टच्या स्क्रिप्टवर जीडीबी (डीबगर) लावायला गेले तर "नॉट इन एक्झिक्युटेबल फॉरमॅट" येतंय, ते याच कारणाने का?

सुतारपक्षी

हो ताई, तुम्ही शेल स्क्रिप्टवर जीडीबी लावताय. लिबटूलला --मोड=एक्झिक्यूट देऊन त्यापुढे जीडीबी आणि प्रोग्रामचं नाव द्या, ते खरी बायनरी शोधून देईल, पाथही लावेल.

निळी_शाई

अर्धविराम, अजून एक गोष्ट आत्ताच उरकून घे, एसओनेम बदलतोच आहेस तर हीच वेळ आहे. एनएम -डी चालवून बघ लायब्ररी बाहेर काय काय दाखवतेय. माझा अंदाज आहे की तुझे आतले मदतनीस फंक्शनसुद्धा सगळे उघडे असतील, कारण लिनक्सवर काही सांगितलं नाही तर स्टॅटिक नसलेलं सगळं बाहेर दिसतं.

अर्धविराम

बघितलं. हेडरमध्ये १९ फंक्शन आहेत आणि एनएम ८३ दाखवतंय. त्यात बफर_रीसेट, लिस्ट_अ‍ॅड अशी नावं आहेत, मोजणी_ हे आमचं पूर्वपद पण नाही त्यांना.

निळी_शाई

हीच भीती होती. वापरणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये लिस्ट_अ‍ॅड नावाचं त्याचं स्वतःचं फंक्शन असलं आणि ते बाहेर दिसत असलं तर लोडर तुझ्या लायब्ररीतल्या कॉललाही त्याचंच देऊ शकतो, आणि मग तू शोधत बसशील. शिवाय उघडं असलेलं प्रत्येक नाव कोणीतरी वापरून बसतो आणि मग ते काढणं म्हणजे परत एज शून्य. एलडीफ्लॅग्जमध्ये -एक्सपोर्ट-सिम्बॉल्स-रेजेक्स देऊन फक्त मोजणी_ ने सुरू होणारी नावं बाहेर ठेव. त्याच्या जोडीला जीसीसी ४.० पासून असलेली व्हिजिबिलिटी हिडन पण लावता येते, मग हेडरमधल्या १९ फंक्शनवर तेवढी डीफॉल्टची खूण करायची.

हे केल्यावर आतल्या फंक्शनना थेट बोलावणाऱ्या टेस्ट लिंक होणार नाहीत, तेव्हा घाबरू नकोस. सगळा कोड आधी नोइन्स्ट वाल्या एका आतल्या लायब्ररीत बिल्ड कर, जी इन्स्टॉल होत नाही, मग खरी लायब्ररी तिच्यातून बनव आणि टेस्ट पण तिलाच जोड.

आणि स्ट्रक्ट कायमचं मिटवून टाक. हेडरमध्ये फक्त स्ट्रक्टचं नाव जाहीर कर, फील्ड सगळ्या सी फाइलमध्ये. मोजणी_नवीन पॉइंटर देईल, मोजणी_मोकळं तो सोडेल, मधल्या सेटिंग्जसाठी एकेक छोटं फंक्शन. मग पाचवी फील्ड येऊ दे की दहावी, बाहेर कोणालाच आकार माहीत नाही, एसओनेमला हात लावायची गरज नाही.

सुतारपक्षी

याला +१. जीलिबसी जुनं वागणं जपायला सिम्बॉललाच व्हर्जन लावतं, म्हणून २०११ च्या २.१४ मध्ये मेमकॉपी बदललं तरी ६४ बिटवरचे जुने प्रोग्राम जुन्याच मेमकॉपीवर चालत राहिले, एकाच फाइलमध्ये दोन्ही. पण तेवढं सांभाळायला फार शिस्त लागते, छोट्या लायब्ररीला आकार लपवलेला पॉइंटर पुरतो. रिलीजच्या आधी अ‍ॅबीडिफ पण चालवून बघ, जुनी आणि नवीन एसओ फाइल दे, डीबगची माहिती ठेवून बिल्ड केलेली, ते स्ट्रक्टचा आकार किती वाढला ते थेट सांगतं.

अर्धविराम

आठ दिवसांनी परत आलोय, झालेलं सांगतो.

आधी १.३ आणि १.४.२ वर अ‍ॅबीडिफ चालवलं, त्यात स्ट्रक्टचा आकार बिटांमध्ये आला, १९२ वरून २५६. म्हणजे बरोबर २४ आणि ३२ बाइट, सुतारपक्षी दादांनी न बघता सांगितलं होतं तेच. ते दोन आकडे समोर बघून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो, चार दिवस मी हेच शोधत होतो.

स्ट्रक्ट सी फाइलमध्ये नेलं. एनएम -डी आता २७ नावं दाखवतं, आधीची काही गेली, सेटिंग्जची नवीन आली, सगळी मोजणी_ ने सुरू होतात. व्हर्जन-इन्फो ३:०:०. रीडएल्फमध्ये एसओनेम लिबमोजणी.एसओ.३. मग एकाच मशीनवर १.०.३ ची फाइल आणि ३.०.० ची फाइल शेजारी ठेवून १.३ वर बनलेला जुना प्रोग्राम आणि नवीन प्रोग्राम एकाच वेळी चालवले, एलडीडीने (प्रोग्राम कुठली लायब्ररी घेतो ते दाखवणारं टूल) दाखवलं की दोघं आपापल्या फाइलकडे जातायत, आकडेही दोन्हीकडे बरोबर. रिलीजचा टारबॉल तपासणाऱ्या मेक डिस्टचेकने आमची एक हेडर टारबॉलमध्ये जातच नव्हती ते पण पकडलं.

मेकफाइल डॉट एएम मध्ये व्हर्जन-इन्फोच्या वर निळी_शाई ताईंचे चारही प्रश्न कॉमेंट म्हणून लिहून ठेवलेत, कारण पुढचं रिलीज मित्र करणार आहे. फक्त मॅकवर बिल्ड करणाऱ्या एकाला लिबटूलाइझ सापडत नाहीये, त्याच्याकडे होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) आहे.

गाठोडं

मॅकवर लिबटूल नावाचं अ‍ॅपलचं वेगळंच टूल असतं, म्हणून होमब्रूमध्ये ग्नूवाल्याला जी लावतात, जीलिबटूलाइझ असं शोधायला सांग. तिथे फाइल लिबमोजणी.३.डायलिब अशी दिसेल आणि एलडीडीच्या जागी ओटूल -एल. नवीन रिलीज मी उद्या घेतो, अवलंबून असलेली पाच पॅकेजेस आहेत माझ्याकडे, पुन्हा बिल्ड करून सांगतो.

गाठोडं

पाचही झाली. एक अडलं होतं, ते स्ट्रक्ट स्टॅकवर घेत होतं म्हणून कंपाइललाच थांबलं. त्याचा पॅच मूळ लेखकाला पाठवलाय.